डेव्हएम वाली पॅच सिरीज रिव्ह्यूला आलीये, चेकपॅच क्लीन आहे पण मनाला पटत नाहीये, नेमकं काय बघू?

मुळाकाठ

नमस्कार मंडळी, पुण्यात एम्बेडेडमध्ये काम करतो, चार वर्षं झाली, लिनक्सचे ड्रायव्हर स्वतः लिहिलेत पण दुसऱ्याच्या पॅचवर रिव्ह्यूड-बाय, म्हणजे तपासून पाहिल्याची सही, द्यायची वेळ आत्ता पहिल्यांदा आलीये.

आमच्याकडे बॅटरी चार्जरच्या चिप्ससाठी एक छोटा कॉमन लेयर आहे, म्हणजे कर्नलच्या पॉवर सप्लाय क्लासच्या वर आम्ही बांधलेला छोटा फ्रेमवर्कच म्हणा, त्यावर अकरा ड्रायव्हर चालतात. टीममधल्या सिनियर सरांनी सात पॅचची सिरीज टाकलीये. पहिला पॅच फ्रेमवर्कमध्ये नवा डेव्हएम हेल्पर आणतो (डेव्हएम म्हणजे ड्रायव्हरने घेतलेल्या गोष्टी कर्नलने आपोआप सोडायची सोय) आणि बाकीचे सहा पॅच एकेक ड्रायव्हर त्या हेल्परवर नेतात. मिळून दोनशेच्या वर ओळी उडाल्यात त्यामुळे सगळे खुश. बिल्ड होतं, बूट होतं, चार्जिंग चालतं, चेकपॅच, म्हणजे पॅचची स्टाईल तपासणारी स्क्रिप्ट, एक शब्द बोलत नाही, आणि मॅनेजर म्हणतात की बघ आणि आज टाकून दे.

मी तीन वेळा डिफ, म्हणजे बदललेल्या ओळी, वाचला, चूक काही सापडली नाही, पण मनात पाल चुकचुकतेय. चौथ्या पॅचमध्ये आधी रिमूव्हमध्ये, म्हणजे डिव्हाइस काढताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, चार गोष्टी होत्या: आयआरक्यू (इंटरप्टची लाईन) फ्री करा, डिलेड वर्क (थोड्या वेळाने चालायचं काम) कॅन्सल करा, पॉवर सप्लाय अनरजिस्टर करा, स्ट्रक्चर केफ्री करा म्हणजे त्याची मेमरी सोडा. आता फक्त एक ओळ उरलीये, कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक, बाकी सगळं डेव्हएम आपोआप करतो. वर्कचं काम एवढंच की केबल लागली किंवा निघाली की इंटरप्ट येतो, हँडलर दोन सेकंदांनी चालेल असं वर्क रांगेत टाकतो, आणि ते वर्क रजिस्टर वाचून पॉवर सप्लाय चेंज्ड अशी बातमी वर पाठवतं.

प्रश्न एवढाच की अशा पॅचमध्ये अनुभवी माणूस नेमकं काय बघतो? स्टाईल आणि नावं बघून सही करणं मला जमणार नाही, हे चार्जर लोकांच्या हातातल्या डिव्हाइसमध्ये जाणारेत.

---

घाटावरचा_कर्नल

तुझी शंका अगदी बरोबर जागी आहे, त्या एका उरलेल्या ओळीतच पाणी मुरतंय.

डेव्हएमचा नियम एकच आहे पण तो डोक्यात पक्का बसायला हवा. प्रोबमध्ये, म्हणजे डिव्हाइस जोडताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, ज्या क्रमाने गोष्टी घेतल्या त्याच्या बरोबर उलट्या क्रमाने त्या सोडल्या जातात, आणि हे सगळं रिमूव्ह फंक्शन परत आल्यानंतर होतं. नंतर हा शब्द लक्षात ठेव. मांडव उतरवताना शेवटी बांधलेलं आधी सुटतं तसंच, फक्त इथे तुझं रिमूव्ह म्हणजे मांडवाला अजून कोणी हातही लावलेला नाही अशा वेळी चालणारा कोड.

आता तुझा चौथा पॅच घे. जुन्या कोडमध्ये आधी आयआरक्यू बंद व्हायचा, मग वर्क कॅन्सल व्हायचं. नव्यात वर्क आधी कॅन्सल होतं आणि आयआरक्यू तेव्हा जिवंतच असतो. दोन सीपीयू समोर ठेवून ओळीने लिहून बघ:

सीपीयू ०: रिमूव्ह सुरू, वर्क कॅन्सल झालं, फंक्शन परत आलं
सीपीयू १: कोणीतरी केबल लावली, इंटरप्ट आला, हँडलरने वर्क पुन्हा रांगेत टाकलं, दोन सेकंदांनी चालायचंय
सीपीयू ०: डेव्हएमची साफसफाई, आयआरक्यू फ्री, पॉवर सप्लाय अनरजिस्टर, स्ट्रक्चर फ्री
सीपीयू १: दोन सेकंद झाले, टायमर सुटला, आणि ज्या मेमरीत तो बसलाय ती आता दुसऱ्या कोणाची तरी आहे

म्हणजे झालं यूज-आफ्टर-फ्री, सोडून दिलेली मेमरी वापरणं. प्रत्येक ओळ स्वतःपुरती बरोबर आहे म्हणून तुला तीनदा वाचून सापडली नाही, कारण डिफमध्ये ओळी दिसतात, क्रम दिसत नाही. जो क्रम आधी रिमूव्हमध्ये उघड लिहिलेला होता तो आता प्रोबमधल्या ओळींच्या मागे लपलाय.

आणि इथे हेल्परने अजून एक घोळ केला असणार. आयआरक्यू तो हेल्पर आतल्या आत मागतो ना? मग ड्रायव्हर लिहिणाऱ्याला स्वतःच्या फाईलमध्ये आयआरक्यू कुठे दिसतच नाही, तो बिचारा रिमूव्हमध्ये वर्क कॅन्सल करतो आणि त्याला वाटतं झालं आपलं. त्यामुळे चौथ्या पॅचवर कमेंट टाकून थांबू नकोस, पहिला पॅच उघड. फ्रेमवर्कचा पॅच चुकला की तीच चूक अकरा ड्रायव्हरमध्ये छापून निघते.

उपाय कर्नलमध्येच आहे, डेव्हएम_डिलेड_वर्क_ऑटोकॅन्सल, २०२१ मध्ये आला, छोटासा हेडर आहे. तो आयआरक्यू मागायच्या आधी बोलवायचा, म्हणजे सोडताना आयआरक्यू आधी जातो आणि मग वर्क कॅन्सल होतं. सरसकट सगळं डेव्हएमवर न्या नाहीतर अजिबात नेऊ नका. अर्धं डेव्हएम आणि अर्धं हाताने, ही खिचडी दिसली की मी तिथेच थांबतो आणि क्रम कागदावर लिहायला घेतो, अजूनही, इतकी वर्षं झाली तरी.

अजून एक, आयआरक्यू मागितला की इंटरप्ट त्याच क्षणी येऊ शकतो असं धरूनच प्रोब वाचायचा. बूट होताना केबल आधीच लावलेली असेल आणि चिपने इंटरप्टची लाईन ओढून धरलेली असेल तर तुझं प्रोब पुढच्या ओळीवर जायच्या आत हँडलर चाललेला असतो. सहाही ड्रायव्हरमध्ये बघ, वर्कचं इनिट हेल्परच्या आधी आहे की नंतर.

---

रात्रपाळी_बिल्ड

वरचं सगळं पटलं, मी फक्त वाचायच्या पद्धतीबद्दल सांगतो. डिफमध्ये बदलाच्या वरखाली तीनच ओळी दिसतात, त्यावर लाइफटाइमचा बग कोणालाच दिसणार नाही. गिट शो ला कॅपिटल डब्ल्यूचा पर्याय दे, मग अख्खं फंक्शन दिसतं, किंवा सरळ सिरीज आपल्या ब्रँचवर लाव आणि फाईल वरपासून खालपर्यंत वाच. आणि प्रत्येक पॅच एकटा बिल्ड होतो का ते बघ, गिट रिबेसला एक्झेक देऊन त्यात मेक लावलं की आपोआप होतं, नाहीतर उद्या कोणी बायसेक्ट करायला, म्हणजे बग कुठल्या पॅचने आला ते अर्धं-अर्धं करत शोधायला, बसला की तिसऱ्या पॅचवर अडकतो आणि त्याची रात्र जाते.

---

विहिरीतला_रजिस्टर

मी फ्रेमवर्कच्या बाजूने बोलतो कारण ड्रायव्हरचा रिव्ह्यू आणि फ्रेमवर्कचा रिव्ह्यू ही दोन वेगळी कामं आहेत असं माझं ठाम मत आहे. ड्रायव्हरमध्ये विचारायचं की हा कोड बरोबर चालतो का. फ्रेमवर्कमध्ये विचारायचं की हा इंटरफेस हातात आल्यावर घाईतला माणूस तो चुकीचा वापरू शकतो का, आणि वापरू शकत असेल तर तो वापरणारच असं धरायचं.

कर्नलमधलंच उदाहरण देतो. प्लॅटफॉर्म ड्रायव्हरचं रिमूव्ह कित्येक वर्षं इंट, म्हणजे एरर सांगणारा आकडा, परत करायचं. ते बघून लिहिणाऱ्याला साहजिक वाटायचं की एरर परत केली तर डिव्हाइस काढणं थांबेल, म्हणून मध्येच काही फसलं की लोक रिटर्न मारून बाहेर पडायचे आणि पुढची साफसफाई राहून जायची. प्रत्यक्षात ड्रायव्हर कोअर त्या एररचं काहीच करू शकत नाही, डिव्हाइस जायचं ते जातंच, फार तर लॉगमध्ये एक वॉर्निंग पडते. म्हणजे इंटरफेसच खोटं आश्वासन देत होता. हे सुधारायला कर्नल डेव्हलपर उवे क्लाइने-क्योनिग यांनी केवढं काम केलं बघा, आधी कर्नल ५.१५ मध्ये बसच्या पातळीवरचं रिमूव्ह व्हॉइड (काहीच परत न करणारं) झालं, ६.१ मध्ये आयटूसीचं झालं, प्लॅटफॉर्मसाठी ६.३ मध्ये रिमूव्ह_न्यू नावाचा तात्पुरता पूल बांधला, मग शेकडो ड्रायव्हर एकेक करून त्यावर नेले आणि ६.११ मध्ये मूळ रिमूव्हच व्हॉइड झालं. एका परतीच्या टाईपसाठी एवढा खटाटोप. सुरुवातीलाच कोणी अडवलं असतं तर एका ओळीत भागलं असतं. म्हणून फ्रेमवर्कच्या पॅचवर हात आखडता घेऊ नकोस, तिथे घालवलेला एक दिवस पुढची कित्येक वर्षं वाचवतो.

आता तुला एक विचारतो. तुमच्या त्या लेयरमध्ये कॅरेक्टर डिव्हाइस आहे का, म्हणजे यूजरस्पेसने ओपन करून धरता येईल असा नोड? सिसएफएसच्या, म्हणजे कर्नल /sys खाली दाखवतो त्या, फाईल्सची मला काळजी नाही, त्या काढताना कर्नल आत चालू असलेलं वाचन-लेखन संपेपर्यंत थांबतो. पण कॅरेक्टर डिव्हाइसचं तसं नाही. फाईल उघडी आहे, ड्रायव्हर अनबाइंड झाला म्हणजे डिव्हाइसपासून सुटला, डेव्हएम_केझॅलॉकने घेतलेलं (म्हणून आपोआप सुटणारं) स्ट्रक्चर गेलं, आणि उघड्या फाईलवर पुढचा रीड आला की गेलेल्या मेमरीत हात. फाईल उघडी असताना मॉड्यूल काढता येत नाही म्हणून लोक निश्चिंत असतात, पण मॉड्यूलची मोजणी अनबाइंडला अडवत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

---

मुळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, काल दिवसभर हेच केलं.

घाटावरचा दादा, तुम्ही सांगितलं तसं सहाही ड्रायव्हर बघितले. पाचव्या पॅचमध्ये वर्कचं इनिट हेल्परच्या नंतर आहे! केबल लावून बोर्ड बूट केला, चौथ्या-पाचव्या बूटला वर्कक्यूची वॉर्निंग आली. हा बग जुन्या कोडमध्ये नव्हता, ओळी वरखाली करताना झालाय.

मग मूळ शंका पडताळायला घेतली. नुसतं अनबाइंड-बाइंड शंभर वेळा लूपमध्ये फिरवलं तर काहीच होईना, कारण मधली फट फार छोटी. म्हणून रिमूव्हमध्ये कॅन्सलच्या खाली एक सेकंदाची झोप टाकली, फक्त माझ्या मशीनवर. कासॅन, म्हणजे मेमरीच्या चुका पकडणारी कर्नलची सोय, चालू करून कर्नल बनवला, बोर्डची मेमरी कमी आहे आणि कासॅन एक अष्टमांश स्वतःकडे ठेवून घेतो त्यामुळे दोन डेमन बंद करावे लागले. सिसएफएसमध्ये ड्रायव्हरच्या फोल्डरमधल्या अनबाइंड फाईलमध्ये डिव्हाइसचं नाव इको केलं आणि त्याच सेकंदात केबल खुपसली. पहिले दोन प्रयत्न हुकले. तिसऱ्याला दोन सेकंदांनी सिरियल कन्सोलवर स्लॅब यूज-आफ्टर-फ्री. त्यात कासॅनने मेमरी कोणी घेतली त्याचा स्टॅक दिला, प्रोब, आणि कोणी सोडली त्याचाही, खालून वर अनबाइंड_स्टोअर, मग डेव्हरेस (डेव्हएमची साफसफाई), मग केफ्री. तुम्ही लिहिलेल्या चार ओळी जशाच्या तशा समोर. ते बघून अक्षरशः अंगावर काटा आला, कारण परवा मी यावर सही करणार होतो.

विहिरीतला दादा, हो, आहे. फॅक्टरीत कॅलिब्रेशनसाठी एक मिसलेनियस डिव्हाइसचा (कॅरेक्टर डिव्हाइसचाच प्रकार) नोड आहे आणि तो त्याच स्ट्रक्चरमध्ये बसलाय.

आता अडचण वेगळी आहे. सरांचा बारा वर्षांचा अनुभव आहे, मी त्यांच्याकडूनच ड्रायव्हर शिकलो. हे त्यांना कसं सांगू? सगळी टीम त्या थ्रेडवर आहे.

---

दुपारचा_इंटरप्ट

मी बऱ्याच वर्षांपासून अपस्ट्रीमला, म्हणजे मूळ लिनक्स कर्नलला, पॅच पाठवते आणि रिव्ह्यूही करते, त्यामुळे याचं उत्तर मी देते.

मत लिहू नकोस, घटना लिही. हा पॅच चुकीचा आहे असं लिहिलं की वाद माणसावर जातो. त्याऐवजी वरच्या सीपीयूच्या चार ओळी ज्या ओळीवर प्रश्न आहे तिच्या बरोबर खाली टाक, कासॅनचा स्टॅक लाव, तुझी झोपेची ओळ कुठे टाकली तेही प्रामाणिकपणे सांग की ही फट मी मुद्दाम मोठी केलीये, आणि शेवटी विचार, सर हा क्रम मी बरोबर समजतोय का. कर्नलच्या लिस्टवर मोठमोठ्या मेंटेनरनाही लोक असंच विचारतात. ज्या माणसाने तुला शिकवलं त्याला तू त्याचाच विषय इतक्या बारकाईने वाचलास हे दिसेल, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. टीमच्या थ्रेडवर टाकायच्या आधी एकदा त्यांच्या डेस्कवर जाऊन स्टॅक दाखव, चहा घेता घेता बोलणं होईल. पण नंतर थ्रेडवरही टाकच, कारण दोन वर्षांनी हा हेल्पर असा का आहे ते शोधणारा माणूस तोच थ्रेड वाचणार.

रिव्ह्यूड-बायबद्दलही सांगते कारण तो टॅग फार स्वस्त झालाय. कर्नलच्या पॅच पाठवण्याच्या नियमांत त्याचा अर्थ लिहून ठेवलाय: मी तांत्रिक तपासणी केली, मला दिसलेल्या अडचणी पाठवणाऱ्याला कळवल्या आणि त्यांच्या उत्तराने माझं समाधान झालं, आणि हा बदल कर्नलसाठी चांगला आहे असं मी मानते. बग नाहीच अशी हमी त्यात नाही, पण बाकीचं सगळं तुझ्या शब्दावर आहे. नुसतं सहमती दाखवायची असेल तर अ‍ॅक्ड-बाय आहे, चालवून बघितलं असेल तर टेस्टेड-बाय आहे. मॅनेजरना हा फरक शांतपणे सांग.

आणि तुला केबल खुपसत बसायची गरज नाही. डीबग ऑब्जेक्ट्स चालू कर, टायमरवाला आणि फ्रीवाला दोन्ही, मग जिवंत टायमर असलेली मेमरी सोडल्याक्षणीच कर्नल ओरडतो, टायमर सुटायची वाट बघत नाही. शिवाय डीबग टेस्ट ड्रायव्हर रिमूव्ह नावाचा एक कॉन्फिग आहे, तो बूटला प्रत्येक ड्रायव्हर प्रोब करतो, रिमूव्ह करतो आणि परत प्रोब करतो. आमच्याकडे तो रोजच्या बिल्डमध्ये असतो, ज्यांचं रिमूव्ह आजवर कधी चाललंच नव्हतं असे कितीतरी ड्रायव्हर त्याने उघडे पाडले.

---

मुळाकाठ

ताई, तुम्ही सांगितलं तसंच केलं. सरांनी स्टॅक बघितला, पाच मिनिटं काही बोललेच नाहीत, मग स्वतः व्हाईटबोर्डवर क्रम काढला आणि म्हणाले की हेल्परमध्ये आयआरक्यू लपवला हीच चूक, वर्क पण आतच घेऊ. आज दुसरी आवृत्ती आलीये. आता हेल्पर सगळ्यात आधी वर्क ऑटोकॅन्सल लावतो, मग पॉवर सप्लाय रजिस्टर करतो, आणि आयआरक्यू शेवटी. सहाही ड्रायव्हरमधून रिमूव्ह पूर्ण उडालं. मी रेंज-डिफ काढून दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून बघितल्या, डीबग ऑब्जेक्ट्स शांत आहे. यावर द्यावा ना टॅग?

---

घाटावरचा_कर्नल

थांब, क्रम उलटा वाच. आयआरक्यू गेला, मग पॉवर सप्लाय गेला, मग वर्क कॅन्सल. मधल्या वेळात आधीच रांगेत असलेलं वर्क सुटलं तर ते कोणावर पॉवर सप्लाय चेंज्ड बोलवणार? अनरजिस्टर झालेल्यावर. माझ्या पहिल्या उत्तरात मी फक्त वर्क आयआरक्यूच्या आधी एवढंच म्हटलं, पॉवर सप्लायची जागा सांगायची राहिली, ती माझी चूक. आधी पॉवर सप्लाय, मग वर्क, मग आयआरक्यू असं हवं, म्हणजे जो ज्याला वापरतो तो त्याच्या नंतर जन्मतो आणि त्याच्या आधी जातो. डीबग ऑब्जेक्ट्सला हे दिसणार नाही कारण इथे टायमर तुमच्या स्ट्रक्चरमध्ये व्यवस्थित कॅन्सल होतोय, मेला आहे तो पॉवर सप्लाय.

---

विहिरीतला_रजिस्टर

आणि कॅलिब्रेशनचा नोड अजून तसाच आहे का? त्या स्ट्रक्चरला डेव्हएम_केझॅलॉक चालणार नाही. साध्या केझॅलॉकने घ्या, आत केरेफ (किती जण वापरतायत त्याची मोजणी) ठेवा, ओपनला एक गेट, रिलीजला एक पुट, आणि प्रोबचा स्वतःचा रेफरन्स डेव्हएमच्या अ‍ॅक्शनमधून सोडा. सोबत एक लॉक आणि डिव्हाइस गेलं असं सांगणारा फ्लॅग, अनबाइंडनंतर रीड आला की ईनोडेव्ह (डिव्हाइस नाही अशी एरर) परत द्यायचा. हे याच सिरीजमध्ये स्वतंत्र पॅच म्हणून हेल्परच्या आधी येऊ दे, कमिट मेसेजमध्ये उघड्या फाईलची घटना लिहा.

---

मुळाकाठ

दोन्ही मुद्दे थ्रेडवर टाकले, या वेळी सरळ सरांनाच टॅग करून. त्यांचं उत्तर आलं की उद्या तिसरी आवृत्ती, आणि केरेफवाला पॅच तू लिही, रिव्ह्यू मी करतो. नोड उघडा धरून अनबाइंड करणारा छोटा सी प्रोग्राम आत्ता लिहिलाय, जुन्या कोडवर तो पहिल्याच रीडला कासॅन उठवतो. आता पॅच लिहायला बसतोय.